समुद्रात बोट अडकली तर मदतीला कोण येतं? तटरक्षक दलाबद्दल नेहमी पडणारे प्रश्न

18 डिसेंबर 2024 च्या दुपारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला (एलिफंटा) निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची एक स्पीडबोट धडकली. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. प्रवासी बोटीवर शंभराहून जास्त लोक होते. या अपघातात 15 जणांचा मृत्यू झाला. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, बंदराच्या बोटी आणि आसपासचे मच्छीमार असे सगळे बचावासाठी धावले. त्यामुळे बहुतेक प्रवासी वाचले.

त्यानंतर सोशल मीडियावर बरेच प्रश्न विचारले गेले. अशा वेळी फोन कोणाला करायचा? तटरक्षक दल आणि नौदल वेगळे आहेत का? बोटीवर लाइफ जॅकेट मागायचा हक्क आपल्याला आहे का? मांडव्याला, मालवणला किंवा गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची ही माहिती आहे.

तटरक्षक दल म्हणजे नेमकं काय?

भारतीय तटरक्षक दल, म्हणजेच इंडियन कोस्ट गार्ड, हे केंद्र सरकारचं सशस्त्र दल आहे. 1 फेब्रुवारी 1977 रोजी त्याचं काम हंगामी स्वरूपात सुरू झालं. पुढे संसदेने तटरक्षक दल कायदा, 1978 मंजूर केला आणि 18 ऑगस्ट 1978 रोजी दलाची रीतसर स्थापना झाली. 'वयम् रक्षामः' म्हणजे 'आम्ही रक्षण करतो' हे त्याचं ब्रीदवाक्य आहे.

साठ-सत्तरच्या दशकात समुद्रमार्गे होणारी तस्करी खूप वाढली होती. सोनं, घड्याळं, कापड असा माल किनाऱ्यावर उतरत होता. कस्टम्सकडे पुरेशा बोटी नव्हत्या आणि नौदलाचं मुख्य काम युद्धाची तयारी हे होतं. त्याच सुमारास मुंबईपासून दूर समुद्रात 'बॉम्बे हाय'मध्ये तेल सापडलं आणि त्या फलाटांच्या संरक्षणाचा प्रश्न पुढे आला. 1974 मध्ये नेमलेल्या के. एफ. रुस्तमजी समितीने या कामांसाठी वेगळं दल असावं, अशी शिफारस केली. नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका यांच्यावर दलाची सुरुवात झाली.

मग नौदल आणि तटरक्षक दल यांत फरक काय?

दोन्ही दलं संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. पण नौदल देशाचं लष्करी संरक्षण करतं, तर तटरक्षक दल समुद्रात कायदा राबवतं, जीव वाचवतं आणि प्रदूषण रोखतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे रंग. नौदलाची जहाजं राखाडी असतात. तटरक्षक दलाची जहाजं पांढरी असतात आणि त्यांच्या बाजूवर तिरका निळा पट्टा व मोठ्या अक्षरांत 'कोस्ट गार्ड' असं लिहिलेलं असतं.

किनाऱ्याजवळ दिसणाऱ्या छोट्या गस्ती बोटी बहुतेकदा सागरी पोलिसांच्या असतात. सागरी पोलीस हे राज्याचे पोलीस. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातले दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून मुंबईजवळ आले होते. त्यानंतर 2009 मध्ये जबाबदाऱ्या नव्याने ठरवण्यात आल्या. एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलावर आली. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे गेली आणि सागरी पोलिसांच्या गस्तीशी समन्वय ठेवणंही त्याच्याकडेच आलं.

तटरक्षक दलाचा अधिकार किती अंतरापर्यंत चालतो?

समुद्रातलं अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. त्यानुसार तीन मुख्य पट्टे आहेत.

- 12 सागरी मैलांपर्यंत (सुमारे 22 किमी): प्रादेशिक समुद्र. इथे भारताची पूर्ण सत्ता असते. परदेशी व्यापारी जहाजाला इथून निरुपद्रवीपणे जाता येतं, पण वाटेत दुसरे उद्योग करता येत नाहीत.
- 24 सागरी मैलांपर्यंत (सुमारे 44 किमी): संलग्न पट्टा. कस्टम्ससारखे कायदे राबवण्यासाठी इथे कारवाई करता येते.
- 200 सागरी मैलांपर्यंत (सुमारे 370 किमी): अनन्य आर्थिक क्षेत्र. इथले मासे, तेल आणि वायू यांवर भारताचा हक्क आहे. मात्र इतर देशांची जहाजं इथून मोकळेपणाने ये-जा करू शकतात.

बचावकार्याचं क्षेत्र याहून बरंच मोठं आहे. आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारताकडे सुमारे 46 लाख चौरस किलोमीटर समुद्रातल्या शोध आणि बचावाची जबाबदारी आहे. त्याचं समन्वयन तटरक्षक दल करतं. त्यासाठी मुंबई, चेन्नई आणि अंदमानातलं पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) इथे बचाव समन्वय केंद्रं आहेत.

ते माझी बोट थांबवून तपासू शकतात का?

हो. संशय आल्यास तटरक्षक दल बोट थांबवू शकतं, कागदपत्रं पाहू शकतं, झडती घेऊ शकतं आणि गरज पडल्यास बोट व माणसं ताब्यात घेऊ शकतं. कस्टम्स कायदा, अमली पदार्थविरोधी कायदा, परदेशी बोटींच्या मासेमारीवरचा 1981 चा कायदा आणि सागरी चाचेगिरीविरोधी 2022 चा कायदा अशा कायद्यांखाली दलाला अधिकार आहेत. पण खटला चालवणं हे त्याचं काम नाही. पकडलेली बोट, माल आणि माणसं पुढच्या तपासासाठी पोलीस, कस्टम्स किंवा संबंधित यंत्रणेकडे सोपवली जातात.

तपासणीच्या वेळी तांडेलाने बोट हळू करावी, सूचना ऐकाव्यात आणि नोंदणी, परवाना व सगळ्यांची ओळखपत्रं दाखवावीत. पळून जाण्याचा प्रयत्न केला तर साधी तपासणीही गंभीर होते.

मासेमारीचे नियम कोण राबवतं?

12 सागरी मैलांच्या आतली मासेमारी हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि मुख्य जबाबदारी मत्स्यव्यवसाय विभागाची आहे. त्यापुढच्या समुद्रात केंद्राचे नियम लागू होतात. उदाहरणार्थ, प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली.

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमागे माशांची वीण हे एक कारण आहे, तसाच खवळलेला समुद्रही. पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी साधारण 1 जून ते 31 जुलै अशी असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या पाण्यात ढकलण्याची कोळी समाजाची रीत हेच सांगते.

आणखी एक धोका सागरी सीमेचा. गुजरातच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातले अनेक खलाशी कामाला जातात. पाण्यावर सीमारेषा दिसत नाही. माशांच्या मागे बोट सीमेपलीकडे गेली तर पाकिस्तानी यंत्रणा पकडतात आणि सुटकेला अनेकदा वर्षं लागतात. म्हणून जीपीएस चालू ठेवणं आणि तटरक्षक दलाचा इशारा मिळताच मागे फिरणं महत्त्वाचं.

संकटात फोन कोणाला करायचा?

- 1554: तटरक्षक दल. समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी.
- 1093: सागरी पोलीस. किनाऱ्याजवळची दुर्घटना किंवा संशयास्पद बोट.
- 112: कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी.

फोनवर सर्वांत आधी ठिकाण सांगा. जीपीएसचे अक्षांश-रेखांश असतील तर उत्तम. नसतील तर 'मांडव्याहून अमुक वाजता निघालो, डाव्या हाताला खांदेरीचा दीपस्तंभ दिसतोय' असं सांगा. मग बोटीचं नाव, किती माणसं आहेत, काय झालंय आणि कोणी जखमी आहे का, हे सांगा. फोन मध्येच कटला तरी पहिल्या वाक्यात ठिकाण गेलेलं असलं पाहिजे.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते. तिथे व्हीएचएफ रेडिओ लागतो. त्याचं 16 नंबरचं चॅनल जगभर संकटासाठी राखीव आहे. जिवाला धोका असेल तर 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारून संदेश द्यायचा असतो. जवळून जाणारं कुठलंही जहाज तो ऐकू शकतं. संकटातल्या माणसाला मदत करणं हे आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर बंधनकारक आहे, मग तो माणूस कुठल्याही देशाचा असो.

मासेमारी बोटींसाठी इस्रोने विकसित केलेलं 'डॅट' हे संकटसूचक यंत्रही आहे. बटण दाबलं की बोटीचं ठिकाण उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्राला आणि तिथून बचाव समन्वय केंद्राला कळतं. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या याच्या नव्या आवृत्तीत 'संदेश मिळाला' अशी पोच बोटीवर येते.

मदत यायला किती वेळ लागतो?

ते अंतर आणि हवामान यांवर ठरतं. साधं गणित करून पाहा. ताशी 25 सागरी मैल वेगाने जाणाऱ्या गस्ती नौकेला 50 सागरी मैल गाठायला 2 तास लागतात. हेलिकॉप्टर लवकर पोहोचतं. जुलै 2024 मध्ये अलिबागजवळ खवळलेल्या समुद्रात अडकलेल्या एका मालवाहू जहाजावरच्या 14 जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने उचलून आणलं होतं. पण वारा आणि पाऊस जोरात असेल तर हेलिकॉप्टरलाही मर्यादा येतात.

म्हणूनच मदत येईपर्यंत पाण्यावर तरंगत राहणं हे तुमचं काम आहे आणि त्यासाठी लाइफ जॅकेट लागतं.

गंमत म्हणून खोटा कॉल केला तर?

तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने माणसं मरू शकतात. 2 सप्टेंबर 2024 रोजी पोरबंदरजवळ एका टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला निघालेलं तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. त्यावर चार जण होते, त्यांतले तिघे दगावले. बचावासाठी निघणारा प्रत्येक चमू असा धोका पत्करून निघतो. दुसरीकडे, खरी अडचण असेल तर 'उगाच कशाला त्रास' म्हणून थांबू नका. दिवस मावळल्यावर शोध घेणं कितीतरी अवघड होतं.

प्रवासी बोटीला परवाना कोण देतं?

तटरक्षक दल नाही. महाराष्ट्रात फेरी बोटी आणि त्यांची प्रवासी क्षमता हा महाराष्ट्र सागरी मंडळाचा विषय आहे. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स विभाग पाहतो. बोटीत जास्त माणसं भरली असतील किंवा जॅकेटं नसतील तर तक्रार तिथे किंवा बंदरावरच्या पोलिसांकडे करा.

धरणं, नद्या आणि तलाव यांत तटरक्षक दलाची नियमित गस्त नसते. मे 2024 मध्ये उजनी धरणात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तिथे शोध घेतला तो एनडीआरएफने. म्हणजे गोड्या पाण्यात दुर्घटना घडली तर 112 वर फोन करायचा.

बोटीत बसताना काय पाहायचं?

- लाइफ जॅकेट चढताच घाला. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट बोट उलटताना हाताला लागत नाही. 'नीलकमल' दुर्घटनेनंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींवर ते घालणं सक्तीचं झालं. तुम्ही जात असलेल्या धक्क्यावर कोणी विचारत नसेल, तरीही मागून घ्या.
- सगळे बकल लावा आणि पट्टे आवळा. खांद्याजवळ धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत येत असेल तर ते सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका, ते डोक्यावरून निसटतं.
- डॉल्फिन दिसले म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावू नका. छोटी बोट त्यानेच कलंडते.
- हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरचा धोक्याचा बावटा पाहा. बावटा लागला असेल तर स्वस्तात न्यायला तयार असलेल्या बोटवाल्यालाही नाही म्हणा.
- भरती-ओहोटीची वेळ विचारा. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उंच होतात.
- दारू पिऊन बोटीत बसू नका आणि चालवणारा प्यायलेला असेल तर उतरा.
- कुठे चाललोय आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा. वेळेत परतला नाहीत तर तोच 1554 वर फोन करेल.

बोट उलटलीच तर?

बोट तरंगत असेल तर तिला धरून राहा. पाण्यातलं एकटं डोकं वरून दिसत नाही, पण उलटलेली बोट दिसते. किनारा जवळ वाटला तरी पोहत निघू नका, समुद्रात अंतराचा अंदाज चुकतो. सगळ्यांनी एकत्र, एकमेकांना धरून राहा आणि मुलांना मध्ये घ्या. ताकद राखून ठेवा. ओरडण्यापेक्षा जॅकेटला शिट्टी असेल तर ती वाजवा.

तटरक्षक दलात भरती कशी होते?

अग्निपथ योजना तटरक्षक दलाला लागू नाही. इथे नाविक आणि यांत्रिक या पदांसाठी दलाची स्वतंत्र परीक्षा होते. नाविक (जनरल ड्युटी) पदासाठी गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण असावं लागतं. यांत्रिक पदासाठी अभियांत्रिकी पदविका लागते. पदवीधरांना असिस्टंट कमांडंट म्हणून अधिकारी होता येतं आणि 1997 पासून महिलाही अधिकारी म्हणून दाखल होत आहेत. अर्ज फक्त दलाच्या अधिकृत भरती संकेतस्थळावरच करायचा असतो. पैसे घेऊन नोकरी देतो म्हणणारा एजंट भेटला तर पोलिसांत तक्रार करा.

आता एक काम लगेच करा. 1554 हा नंबर फोनमध्ये 'समुद्र मदत' या नावाने सेव्ह करा आणि पुढच्या सहलीचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप असेल, त्यातही टाकून ठेवा.