घरातला गारवा आणि भिश्तीची मशक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एकाच विषयावर वाद चालला होता. जुना कूलर काढून नवा कूलर घ्यायचा की एसी? अम्मींचं वय झालंय आणि आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहतो. एके दुपारी अम्मींना चक्कर आली आणि दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. त्यानंतर हा प्रश्न फक्त पैशाचा उरला नाही.

अम्मी सारखी म्हणायच्या, "आपल्या जुन्या घरात पंखासुद्धा नव्हता." ते खरंच होतं. जुन्या शहरातल्या त्या घराला जाड दगड-मातीच्या भिंती होत्या, वर माळवद होतं, मधे अंगण होतं. जाड भिंत तापायलाच दिवस जातो, तोवर संध्याकाळ होते. ते घर आम्ही विकलं आणि फ्लॅटमध्ये आलो. गारवा घराच्या बांधणीतच होता, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

मी शाळेत इतिहासाच्या तासाला मुलांना पाणचक्कीबद्दल सांगते. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. चक्की सगळेच बघतात, पण हौदाखालच्या दालनात फार थोडे जण उतरतात. वरच्या मोठ्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. भर मे महिन्यात तिथे गेलात की गारवा लगेच जाणवतो. हे पाणी शहराबाहेरून नहरीने, मातीच्या नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर येत असे. या भागात अशा नहरींचा पाया मलिक अंबरने घातला. त्याने 1610 मध्ये खडकी हे शहर वसवलं. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या या माणसाने शहराला पाणी दिलं, आणि पुढे त्याच विद्येतून पाणचक्कीचं हे दालन झालं. तिथला गारवा फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी होता.

बादशाही गारव्याची तऱ्हा वेगळी होती. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त खसाच्या ताट्यांचा उल्लेख आहे. वाळ्याच्या मुळ्यांची ताटी दाराला लावायची आणि तिच्यावर पाणी शिंपडत राहायचं. सोऱ्याच्या मदतीने पिण्याचं पाणी थंड करण्याची युक्तीही त्यात लिहिली आहे. आजचा कूलर म्हणजे तीच ताटी, फक्त तिच्यामागे पंखा बसवलेला. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी थंड होतं ते याच कारणाने. म्हणून कोरड्या मराठवाड्यात कूलर चालतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत हवा आधीच दमट असते. तिथे त्याच कूलरने नुसता चिकचिकाट होतो.

पण ताटीवर पाणी कोण शिंपडत होतं? भिश्ती. खांद्यावर मशक घेऊन तो उन्हात उभा राहायचा, तेव्हा आतल्या माणसाला थंड झुळूक मिळायची. पुढे इंग्रजांच्या बंगल्यांत दोरीने ओढायचे झालरीचे पंखे आले आणि व्हरांड्यात बसून रात्रभर दोरी ओढणारा पंखेवाला आला. इतिहासाच्या पुस्तकात महालाचं नाव असतं, याचं नसतं. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांचे पूर्वज महालात बसणारे नव्हते, मशक वाहणारे होते. ते सांगताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

1902 मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअरने वातानुकूलनाचं यंत्र तयार केलं, तेही माणसांसाठी नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगत-आकसत होता, त्यावर तो उपाय होता. एसीचा 'टन' हा शब्द तर बर्फाच्या जमान्यातला आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता एक टनाचा एसी तेवढ्याच वेळात बाहेर काढतो. पण बाहेर म्हणजे कुठे? आमच्या अरुंद गल्लीत ती समोरच्या खिडकीतच जाते. भिश्ती गेला, पण आपल्या गारव्याची झळ सोसणारा माणूस बाहेर उभाच आहे.

शेवटी आम्ही हिशोब मांडला. कूलरला दीड-दोनशे वॅट वीज पुरते, एक टनाच्या एसीला साधारण हजार वॅट लागते. पण कूलरला रोज बादल्यांनी पाणी लागतं, आणि मलिक अंबरच्या या शहरात आज नळाला रोज पाणी येत नाही. आधी आम्ही गच्चीवर चुन्याचे पांढरे हात मारून घेतले. तेवढ्यानेही स्लॅब कमी तापू लागला. बैठकीच्या खोलीत जुनाच कूलर नव्या वाळ्याच्या ताट्या बसवून ठेवला. एसी फक्त अम्मींच्या खोलीत घेतला, एक टनाचा, जास्त स्टारचा, आणि तो 24 अंशांवरच चालवतो.

एसी बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, बाहेरचं युनिट गल्लीच्या बाजूला लावू. पाइप कमी लागेल, पैसे वाचतील." समोरच्या खिडकीत शेजारची बाळंतीण झोपलेली होती. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण किती बयानं ऐकतो! मी त्याला युनिट गच्चीवर चढवायला सांगितलं. पाइपाचे पैसे जास्त गेले. अम्मी म्हणाल्या, "गेले तर जाऊ देत."