चाकरमानी कुटुंब

मुंबईत नोकरी आणि कोकणात घर अशा दोन ठिकाणी विभागलेले, तरीही स्वतःला एकच मानणारे विस्तारित कुटुंब. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड जिल्ह्यांत हे विशेष आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या, तशी ही रीत घडली. ‘पूर्वी एकत्र होते, आता विभक्त झाले’ असे सरसकट म्हणणे इथे चुकीचे ठरते. चुली दोन आणि घर एक हेच या कुटुंबाचे मूळ रूप.

पुरुष परळ-लालबागच्या चाळींत राहत. गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत ते गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. गावाहून आलेल्या पुतण्याला किंवा भाच्याला गिरणीत चिकटवून देणे हे काका-मामाचे कर्तव्यच समजले जाई. गावी मनीऑर्डर जाई. भातशेती, गुरे, सासू-सासरे आणि जावांची मुले मात्र बायकाच सांभाळत. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मनीऑर्डरीच्या आठवणी घरोघर निघतात, या कष्टांच्या फारशा नाहीत. कुटुंबाचा खरा आधार मात्र तेच होते.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अनेकांना गावच्या घरानेच तगवले. गिरण्या गेल्या, तसा नोकरी लावून देण्याचा काका-मामाचा अधिकारही गेला. पुढची पिढी डोंबिवली, दिवा, विरारकडे सरकली आणि बायका-मुलेही शहरात आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर जाणे-येणे सोपे झाले. राहणे मात्र गणपती, शिमगा आणि मे महिन्यापुरते उरले. सामाईक घरातला गणपती अजूनही भावांच्या पाळीने किंवा वर्गणीने होतो. एरवी म्हाताऱ्या काकूची विचारपूस फोनवर होते. रात्री ताप चढला तर धावून येते ती शेजारची भावकी.

सर्वांत अवघड बदल सातबाऱ्यावर दिसतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. वारसनोंदीत बहिणींची नावे लागतात. मग जमीन विकायची किंवा घर नव्याने बांधायचे ठरले की भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. माहेर तुटू नये म्हणून अनेकजणी सही करतात. नात्याची ही किंमत एकट्या बहिणीने मोजावी, हे अन्याय्य आहे.

मूलबाळ नसलेल्या वृद्धांबाबत २००७ चा ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा महत्त्वाचा आहे. ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, अशा ऐपतदार सज्ञान नातेवाइकावर तो निर्वाहाची जबाबदारी टाकतो. काकांच्या कलमांच्या बागेचा वारस होणारा पुतण्या त्यात येतो. जिला काहीच मिळणार नाही, पण जी रोज डबा नेऊन देते, ती शेजारची भावजय त्यात कुठेच नाही.