सातपूर औद्योगिक वसाहतीतील सामाजिक विविधता

नाशिक शहराच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वर रस्त्यालगत असलेल्या सातपूरच्या कारखान्यांत जात, धर्म, भाषा, प्रांत व लिंग यांनी भिन्न असलेल्या कामगारांचे एकत्र काम करणे आणि त्यातून उभे राहणारे समतेचे प्रश्न.

घडण : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर सातपूरच्या शेतजमिनीवर कारखाने आले. मायको (आताची बॉश), महिंद्र, सिएट यांसारख्या मोठ्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग येथे वाढले. सातपूर नगरपालिका १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिकेत विलीन झाली. आसपासच्या गावांतील मराठा, माळी व बौद्ध तरुण, पेठ-सुरगाण्याकडचे कोकणा, महादेव कोळी व वारली, अहिराणी बोलणारे खानदेशी, मराठवाडा-विदर्भातील कुटुंबे आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार असा समाज येथे जमला. श्रमिकनगर, अशोकनगर, स्वारबाबानगर, प्रबुद्धनगर या वस्त्यांत तो राहतो. श्रावणातली कानबाई, एप्रिलमधली आंबेडकर जयंती आणि गोदाकाठची छठपूजा हे सारे आता कामगारांच्या वर्षाचे भाग आहेत.

पूर्वपीठिका : कारखान्यात सगळे एकत्र येतात म्हणून भेद आपोआप मिटत नाहीत, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवले. धोट्यातून सूत ओढताना तोंड लावावे लागे. विटाळाची सबब सांगून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत आणि त्या खात्यातला अधिक पगारही त्यांना मिळत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

प्रवेश व बढती : फिटर, टर्नर, मशिनिस्ट या कामांकडे जाण्याची मुख्य वाट आयटीआयची. शासकीय आयटीआयमध्ये राखीव जागा असल्याने दलित व आदिवासी मुलांना कौशल्य मिळाले. खासगी कारखान्यातील भरतीला मात्र आरक्षण लागू नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६ मधील समान संधीची हमी शासकीय नोकऱ्यांपुरती आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंधन घातले, त्यामुळे तीन पाळ्यांचे यंत्रकाम दीर्घकाळ पुरुषांकडेच राहिले. कायम कामगार, ट्रेनी आणि ठेकेदाराचा कामगार या उतरंडीत पगार, रजा व सुरक्षितता बदलते. स्थलांतरिताला बहुधा तळची पायरी मिळते.

प्रांतिक तणाव : फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्ध झालेल्या हिंसाचारानंतर हजारो उत्तर भारतीय कामगारांनी नाशिक सोडले, सातपूर व अंबड येथील उत्पादनाला त्याची झळ बसली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने पर्यवेक्षकीय पदांत किमान ५० आणि अन्य पदांत किमान ८० टक्के स्थानिकांना घेण्याचे धोरण नव्याने जाहीर केले. भूमिपुत्राचा रोजगाराचा हक्क खरा आहे. पण तो शेजारच्या मशिनवरील माणसाला पळवून लावून मिळत नाही.

तुलना : अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास खासगी मालकांनाही मनाई केली. शंभर वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना वंश व लिंगानुसार मनुष्यबळाची आकडेवारी शासनाला द्यावी लागते. तरीही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन-शिकागोतील अभ्यासात, सारख्याच पात्रतेच्या अर्जांपैकी गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. भारतात सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे असेच अर्ज पाठवले होते. दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी ठरली. जात समुद्रापारही गेली, म्हणून सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घातली.

मूल्यमापन : सातपूरने अनेक समाजांना एका पाळीत आणले, ही मोठी कमाई आहे. मात्र विविधतेची खरी कसोटी पर्यवेक्षक, अभियंता आणि व्यवस्थापक या पदांवर लागते. तेथे कोण पोहोचले, कोणत्या पायरीवर कोण अडले, याची पदनिहाय मोजणी प्रत्येक कारखान्याने करून ती कामगारांपुढे ठेवली, तर समतेची मागणी पुराव्यानिशी करता येईल.