जनुकीय परिवर्तनाचे शालेय अध्यापन (कपाशीच्या पट्ट्यातील)

सजीवाच्या पेशीत बाहेरचे जनुक घालून त्याचे गुणधर्म बदलण्याचे तंत्र माध्यमिक विद्यार्थ्यांना शिकवणे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ (२०१८) मध्ये ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ या प्रकरणात हा विषय येतो. बीटी कापूस, बीटी वांगे, गोल्डन राईस ही त्यातली उदाहरणे. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावी यातले पहिले उदाहरण फळ्यावर यायच्या आधीच मुलांच्या हातून गेलेले असते. दिवाळीच्या सुट्टीत पऱ्हाटी वेचलेल्या मुलाला बोंड म्हणजे काय, हे चित्र काढून सांगावे लागत नाही. अडचण वेगळीच असते : त्याच्या लेखी ‘बीटी’ ही पाकिटावरची अक्षरे असतात. ती बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जीवाणूच्या नावातली आहेत, येथून सुरुवात करावी लागते.

या जीवाणूचे ‘क्राय’ जनुक कपाशीत घातले की तिच्या पेशी एक प्रथिन तयार करतात. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी द्रवात ते कार्यक्षम होते, आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडते आणि अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते, शिवाय त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी ग्राहके आपल्या आतड्यात नसतात. “बीटी आहे, तरी बाबा फवारणी का करतात?” या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर हे प्रथिन काम करत नाही.

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. जालन्याच्या महिको आणि मोन्सॅन्टो यांच्या संयुक्त कंपनीचे हे तंत्रज्ञान एका जनुकाचे होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे आले. पुढची गोष्ट गुलाबी बोंडअळीची, आणि खरा धडा तिथेच आहे. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येई. ती शेताच्या कडेने पेरायची होती. बऱ्याच घरी ती पेरलीच गेली नाही. या पुडीचा हेतू नववीत शिकलेल्या मेंडेलच्या चौकटीतून स्पष्ट होतो. विष पचवण्याचा गुण अळीत बहुतांशी अप्रभावी असतो. बिगर-बीटी ओळींत वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर झाला, तर पिल्ले संकरित निघतात आणि बीटी झाडावर मरतात. कडेच्या ओळीच नसतील, तर प्रतिकारक्षम पतंग आपसांत जुळतात. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा यांवरही जगते. गुलाबी मात्र जवळजवळ कपाशीवरच. त्यामुळे तिला नैसर्गिक आसराही नव्हता. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी, ठेवल्याने तिचा मुक्काम आणखी लांबला. २०१७ च्या हंगामात विदर्भभर डोमकळ्या (अळीमुळे न उमललेल्या कळ्या) आणि किडकी बोंडे दिसली. नैसर्गिक निवडीसाठी गालापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांइतकेच हे उदाहरण चांगले आहे, आणि बांधापर्यंत चालत जाऊन पाहता येते.

दुसरे उपयुक्त उदाहरण घरच्या सरकीचे. एकाच जनुकाची एकच प्रत असलेल्या संकरित झाडाची सरकी पुन्हा पेरली, तर चारांत सरासरी एक रोप बीटीविना निघते. ३:१ हे प्रमाण वाटाण्याशिवायही शिकवता येते, ते असे.

संकरित, सुधारित आणि जनुकीय परिवर्तित यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात. वाशीम सोयाबीनचा जिल्हा, म्हणून याच पिकावर तो गोंधळ सोडवावा. भारतात परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. जेएस-३३५ हे गाजलेले वाण पारंपरिक पैदाशीने तयार झाले. सोयाबीनवर इमाझेथापायर फवारले की तण मरते, पीक राहते. ती पिकाची उपजत क्षमता आहे, घातलेले जनुक नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन परिवर्तित सोयापेंड आयात करू दिली. पीक लावायला मनाई, पेंड आणायला मात्र तेव्हा मुभा, या विसंगतीवर वर्गात वाद रंगू शकतो.

प्रात्यक्षिक म्हणून कांद्याच्या गरातून मीठ, भांडी घासायचे द्रावण आणि थंड अल्कोहोल वापरून डीएनएचे पांढरे तंतू वेगळे करता येतात. जनुक घालण्याचा प्रयोग मात्र शाळेच्या कक्षेबाहेरचा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम त्याला लागू होतात.

सर्वांत नाजूक भाग ‘चोर बीटी’चा, म्हणजे मान्यता नसलेल्या तणनाशकरोधी कपाशीचा. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तिची उघड लागवड करून सविनय कायदेभंग केला होता. वर्गातल्या कुणाच्या शेतात ती असू शकते, म्हणून शिक्षकाने हात वर करायला लावू नये. निंदणीची मजुरी, तणनाशकाचा अंश आणि परवानगीची प्रक्रिया ही तीन टोके फळ्यावर मांडून चर्चा मुलांच्या हाती सोपवावी.