सिक्सरपलीकडचे सलीम दुराणी

२ एप्रिल २०२३ रोजी जामनगरला सलीम दुराणी यांचं निधन झालं. रमजान चालू होता. बोईसरच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत दोनच गोष्टी फिरत होत्या: प्रेक्षक मागतील तेव्हा सिक्सर मारायचे, आणि ‘चरित्र’ सिनेमात परवीन बाबीचे हिरो होते. दोन्ही खऱ्या. पण तेवढ्यावर या माणसाला दफन करू नये.

दुराणी डावखुरे फिरकी गोलंदाज. १९६१-६२ मध्ये इंग्लंडविरुद्ध कलकत्त्याला ८ आणि मद्रासला १० बळी त्यांनी घेतले. इंग्लंडविरुद्ध आपण जिंकलेली ती पहिलीच मालिका. अर्जुन पुरस्कार मिळालेले पहिले क्रिकेटपटूही तेच.

मग १९७१, पोर्ट ऑफ स्पेन. कर्णधार अजित वाडेकर. दुसऱ्या डावात दुराणींच्या चेंडूवर क्लाइव्ह लॉइडचा झेल वाडेकरांनीच घेतला, आणि गॅरी सोबर्सचा तर दुराणींनी शून्यावर त्रिफळा उडवला. १७ षटकं, २१ धावा, २ बळी. वेस्ट इंडीजविरुद्ध आपण पहिल्यांदा कसोटी जिंकलो. आणि काही महिन्यांनी इंग्लंडला निघालेल्या संघात दुराणींचं नावच नव्हतं! ओव्हलवर विजयी चौकार मारला तो सय्यद आबिद अली यांनी. तेही १२ मार्च २०२५ रोजी अमेरिकेत गेले, पुन्हा रमजानमध्येच. त्यांच्यावर तर ग्रुपमध्ये एक ओळही आली नाही.

१९७३ मध्ये कानपूर कसोटीतून दुराणींना वगळलं, तेव्हा लोकांनी फलक धरले: ‘नो दुराणी, नो टेस्ट’. मुंबईच्या कसोटीत त्यांना परत घ्यावं लागलं. ब्रेबॉर्नवर त्यांनी ७३ धावा केल्या. तीच त्यांची शेवटची कसोटी. एकूण २९ कसोट्या, १२०२ धावा, ७५ बळी.

आपल्याकडे असा कुणी गेला की ‘कौमचा हिरा’ म्हणून मेसेज येतात. भावना समजते, पण मला ते अपुरं वाटतं. फलक धरणाऱ्यांना दुराणी आपल्या संघात हवे होते. त्यांनी कौम विचारून फलक रंगवले नव्हते. आज कुणी आपल्याला परकं म्हटलं की मला तो फलक आठवतो. हिऱ्यांची यादी नाही आठवत.

माझ्या वर्गातल्या मुलांचा हिरो शार्दूल ठाकूर. साहजिकच आहे, पालघरहून किटबॅग घेऊन रेल्वेने मुंबईला सरावाला जाणारा तो आपल्याच भागातला पोरगा. मागच्या आठवड्यात भाषेच्या तासाला मी फळ्यावर एकच ओळ लिहिली, आधी उर्दूत, मग खाली मराठीत: सोबर्स, त्रिफळाचीत दुराणी, ०. मुलांनी दोन्ही लिपींत उतरवून घेतली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, हे दुराणी कोण?”

उरलेला तास त्यातच गेला. धडा राहिला, तो सोमवारी घेतला.