दाढेखालचं औषध

म्हैसूरच्या अग्रहारात पूर्णय्यांच्या छत्रापासून नंजनगूड रस्त्यावरच्या विद्यारण्यपुरमच्या चौकापर्यंत एके काळी शंभरेक एकर पानमळे होते. कोवळं, नाजूक म्हैसुरी पान तिथलं. पानाबरोबर चुना आला आणि पुढे कित्येकांच्या विड्यात तंबाखूही. आज त्याच अग्रहारात औषधाच्या दुकानात निकोटिनचा गम मिळतो. सिगारेट सोडायला निघालेला माणूस तो घेतो, थोडा चघळतो आणि गालात दाबून ठेवतो. विडा खाणाऱ्याला ही कृती शिकवावी लागत नाही.

या गमचं कूळही तोंडात धरलेल्या तंबाखूचंच. पाणबुडीत धूम्रपानाला मनाई, म्हणून स्वीडनचे नौसैनिक तोंडात तंबाखू धरत. लुंड विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांनी हे हेरलं आणि १९६७ च्या अखेरीस हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीतले ओव्हे फर्नो यांना पत्र लिहून कळवलं. धुराविना निकोटिन देता आलं तर सिगारेट सुटेल, असा त्यामागचा विचार. फर्नो स्वतः सिगारेट ओढणारे. अडचण अशी, की नुसतं निकोटिन गममध्ये मिसळलं तर ते एकदम बाहेर येई. त्यांनी ते एका राळेला बांधलं. चावताना लाळेतले सोडियम, पोटॅशियमचे कण त्याची जागा घेतात आणि निकोटिन थोडंथोडं सुटतं. गममध्ये क्षारही असतो. क्षार असला की निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरतं. तंबाखू मळताना चुना लागतो तो याच कारणानं. आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण बोटाला लावलेल्या चुन्याचं माप ठाऊक होतं.

पुढचा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा होता: हे औषध म्हणायचं का? धूम्रपान ही सवय, रोग नव्हे, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत. सवयीला औषध कुठलं? पहिली मान्यता स्वित्झर्लंडनं १९७८ मध्ये दिली. अमेरिकेत हा गम १९८४ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागला आणि १९९६ मध्ये चिठ्ठीविना. निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे, असं तिथल्या सर्जन जनरलच्या अहवालानं १९८८ मध्ये ठामपणे म्हटलं; गम त्याच्या आधीच दुकानात आला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत या उपचाराला २००९ मध्ये जागा मिळाली, भारताच्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये.

आपल्याकडे एकाच द्रव्याला तीन दारं आहेत. खाद्यपदार्थात निकोटिन घालायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी. गुटख्यावरच्या राज्याराज्यांतल्या बंदीला आधार याच कलमाचा. ई-सिगारेटवर कर्नाटकानं २०१६ मध्ये बंदी आणली, केंद्रानं २०१९ मध्ये कायदा केला. पण त्याच कायद्यानं औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादनं वगळली. म्हणून गम उरतो. त्यातही दोन मिलिग्रॅमचा चिठ्ठीविना मिळतो, चार मिलिग्रॅमचा चिठ्ठीवर.

इथे मला थांबावंसं वाटतं. चार मिलिग्रॅम कुणासाठी? सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट पेटवणाऱ्यासाठी, म्हणजे ज्याची मिठी सर्वांत घट्ट त्याच्यासाठी. त्याला डॉक्टरांकडे जावं लागतं. टपरीवर सिगारेट घेताना चिठ्ठी कुणी मागत नाही. म्हैसूर जिल्ह्यात हुणसूर, पिरियापट्टणकडे सिगारेटचा तंबाखू शेतात उभा असतो, त्याच्या लिलावाची व्यवस्था सरकारी तंबाखू मंडळ बघतं. ओढणं इतकं सोपं असताना सोडण्याच्या वाटेवर जास्तीचा उंबरठा नको. गम मुलांच्या हाती पडू नये ही काळजी रास्तच, पण वय विचारून ती घेता येते.

कारण हा गम खरोखर कामाचा आहे. अशा उपचारानं सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. मात्र चुकीचा वापरला तर काही मिळत नाही. च्युइंगमसारखा भराभर चावला, तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि माणूस म्हणतो, ‘आपल्याला नाही चालत.’ हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. कॉफी आम्लधर्मी, ती क्षाराचं काम बिघडवते. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना कॉफी वर्ज्य. सकाळच्या फिल्टर कॉफीनंतर लगेच गम तोंडात टाकणाऱ्या अग्रहारातल्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट दुकानदारानं सुटे पैसे परत देतादेता सांगायला हवी, कन्नडमध्ये, आणि घरी मराठी बोलणारा असेल तर मराठीत.