मे महिन्यात उणे ४० अंश? इलेक्ट्रिक कारचा कूलंट सेन्सर बिघडला तर काय होतं आणि तो कसा बदलतात

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी पार करतो. अशा दिवसांत एखाद्या इलेक्ट्रिक कारला स्कॅनर लावला आणि कूलंटचं तापमान 'उणे ४०' दिसलं, तर समजावं की गाडी थंड पडलेली नाही. बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर किंवा त्याची वायर गेलेली आहे.

हा सेन्सर म्हणजे कूलंट टेम्परेचर सेन्सर. भाग अगदी छोटा, पण तो चुकीचं तापमान सांगू लागला की गाडीचा वेग कमी होतो, फास्ट चार्जिंग मंदावतं, कधी ते सुरूच होत नाही. घाबरलेल्या मालकाला वाटतं, लाखो रुपयांची बॅटरीच गेली. म्हणून हा भाग काय करतो, तो बिघडला हे कसं ओळखायचं आणि तो बदलताना काय काळजी घ्यायची, हे माहीत असलेलं बरं.

संभाजीनगरसाठी हा विषय का महत्त्वाचा?

या शहराला एकत्र येऊन गाड्या घ्यायची जुनी हौस आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथे एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या आणि शहराचं नाव जगभर झालं. २०२२ मध्ये इथल्या उद्योजकांनी आणि नागरिकांनी 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' या मोहिमेतून तशीच सामूहिक खरेदी केली. या वेळी गाड्या होत्या इलेक्ट्रिक. पुढे २०२४ मध्ये एथर एनर्जीने बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीत स्कूटरचा कारखाना जाहीर केला आणि टोयोटा किर्लोस्करनेही इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला.

पहिल्या लाटेत घेतलेल्या गाड्या आता जुन्या होत चालल्या आहेत. बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, पण बाकीच्या भागांची वॉरंटी त्याआधीच संपते. म्हणजे सेन्सर, होज पाइप, पंप असे छोटे खर्च आता मालकाच्या खिशातून होणार.

इंजिनच नाही, मग कूलंट कशाला?

पेट्रोल गाडीइतकी नसली तरी उष्णता इलेक्ट्रिक गाडीतही तयार होतेच. बॅटरीतून जोरात वीज घेतली किंवा वेगाने भरली की सेल तापतात. मोटर तापते, इन्व्हर्टर तापतो, चार्जरही तापतो. लिथियम-आयन बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंश तापमान मानवतं. ४२ अंशांच्या उन्हात समृद्धी महामार्गावर तासभर ताशी १०० किलोमीटरने पळून आलेली गाडी लगेच फास्ट चार्जरला लावली, तर बॅटरी त्या मर्यादेत ठेवायला चांगलीच धडपड करावी लागते.

म्हणून टाटा नेक्सॉन ईव्ही, एमजी झेडएस ईव्ही, महिंद्रा एक्सयूव्ही४०० अशा गाड्यांत बॅटरी द्रवाने थंड केली जाते. ग्लायकॉल आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण पंपाच्या जोरावर फिरत राहतं. उन्हाळ्यात रेडिएटर कमी पडला, तर एसीचा गॅस 'चिलर' नावाच्या भागात या कूलंटला आणखी थंड करतो. याच वाटेवर एक किंवा अनेक तापमान सेन्सर बसवलेले असतात.

स्कूटरवाल्यांसाठी एक खुलासा. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये कूलंट नसतोच, त्यांची बॅटरी हवेवर थंड होते. तिथले तापमान सेन्सर सीलबंद बॅटरीच्या आत असतात आणि ते बदलणं फक्त कंपनीचं काम. २०२२ मधल्या स्कूटर आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले. बॅटरीत धोका निर्माण झाला तर चालकाला आवाज आणि दिव्याने आधी इशारा मिळाला पाहिजे, ही अटही त्यात आली. तापमान मोजणं किती गंभीर बाब आहे, हे यावरून कळतं.

सेन्सर तापमान कसं मोजतो?

सेन्सरच्या टोकात थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना हा रोध साधारण अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. गाडीचा कॉम्प्युटर एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो, सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते बघतो आणि त्यावरून तापमान ठरवतो.

आता 'उणे ४०'चं कोडं सुटतं. वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला, तर रोध अमर्याद होतो. कॉम्प्युटरच्या हिशेबात जास्त रोध म्हणजे कडाक्याची थंडी, म्हणून तो मोजपट्टीचं सगळ्यात खालचं टोक दाखवतो. उलट दोन वायर एकमेकींना चिकटल्या, तर आकडा थेट सव्वाशेच्या पुढे जातो.

या दोन्ही चुका कॉम्प्युटरला लगेच कळतात. बॅटरीच्या आत वेगळे सेन्सर असतात, त्यांच्याशी हा आकडा जुळत नाही. मग तो सावध होतो: पंखा आणि पंप पूर्ण जोरात चालवतो, ताकद कमी करतो, चार्जिंग मर्यादित ठेवतो. काही गाड्यांत स्क्रीनवर कासवाचं चिन्ह दिसतं.

खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे. सेन्सर पूर्ण मरत नाही, पण जुना होऊन थोडं खोटं बोलू लागतो. कूलंट ५५ अंशांवर असताना तो ४० सांगतो. तेव्हा दिवा लागत नाही, पंखाही उशिरा सुरू होतो आणि गरम झालेल्या भागांचं आयुष्य गुपचूप कमी होत राहतं.

बदलण्याआधी तपासा

कोड आला की सेन्सर बदलून मोकळं व्हायचं, ही पद्धत चुकीची. कोड एवढंच सांगतो की त्या सर्किटमध्ये गडबड आहे. तपासणीचा क्रम साधा आहे.

• सकाळची तुलना: गाडी रात्रभर सावलीत उभी राहिली की कूलंट, मोटर आणि बाहेरची हवा यांचं तापमान जवळपास सारखं होतं. सकाळी गाडी चालवण्याआधी स्कॅनरवर आकडे बघावेत. बाकीचे सेन्सर २७-२८ सांगत असतील आणि एकटाच ४५ किंवा उणे ४० सांगत असेल, तर चोर सापडला.

• कूलंटची पातळी: टाकीतली पातळी 'मिन'च्या खाली असेल, तर सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहू शकतो आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. अशा वेळी गळती शोधणं हे पहिलं काम.

• कनेक्टर आणि वायर: पिनांवर हिरवट गंज, धूळ, पाणी किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर. कित्येकदा दुरुस्ती इथेच संपते.

• कनेक्टर काढून बघणं: मेकॅनिकने सेन्सरचा कनेक्टर काढला की आकडा उणे ४० वर जायला हवा आणि कनेक्टरच्या दोन पिना जोडल्या की सगळ्यात वर. दोन्ही तसंच घडलं, तर वायरिंग ठीक आहे आणि दोष सेन्सरचाच. मात्र हे कंपनीच्या वायरिंगचा नकाशा हाताशी ठेवूनच करावं.

सेन्सर कसा बदलतात?

सेन्सर स्वतः फक्त ५ व्होल्टवर चालतो. पण तो ज्या परिसरात बसवलेला असतो तिथून जाड नारिंगी केबल गेलेल्या असतात आणि त्यांत ३०० ते ४०० व्होल्ट असू शकतात. घरातल्या विजेपेक्षा जास्त, तेही डीसी. त्यामुळे हे घरी पाना घेऊन करायचं काम नाही. हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिकच हवा.

१. आधी सगळे कोड नोंदवून ठेवतात.

२. गाडी बंद, चार्जर काढलेला, चावी गाडीपासून लांब. मग १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हाय व्होल्टेजचा सर्व्हिस प्लग काढून, दिलेली मिनिटं थांबून, व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरने खात्री करतात. या कामात १००० व्होल्टसाठीचे इन्सुलेटेड हातमोजे लागतात.

३. कूलंट पूर्ण गार होऊ देतात. गरम असताना टाकीचं झाकण उघडलं, तर उकळता कूलंट अंगावर उडू शकतो.

४. गाडीखालचं कव्हर काढून ट्रे लावतात. थोडा कूलंट काढून घेतात किंवा होज पाइप चिमट्याने दाबून ठेवतात.

५. कनेक्टरचं लॉक सोडवून सेन्सर काढतात. काही गाड्यांत तो आट्यांचा असतो, काहींत क्लिपने बसवलेला.

६. नवा सेन्सर नव्या ओ-रिंगसह बसवतात. ओ-रिंगला तेल किंवा ग्रीस लावण्याऐवजी त्याच कूलंटचा हात लावतात. आट्यांचा सेन्सर मॅन्युअलमधल्या टॉर्कएवढाच आवळतात, कारण जास्त जोर दिला तर प्लास्टिकच्या भागाला तडा जातो.

७. कंपनीने सांगितलेलाच कूलंट भरून सिस्टीममधली हवा काढतात. बऱ्याच गाड्यांत यासाठी स्कॅनरवरून पंप चालवावा लागतो किंवा व्हॅक्यूमने कूलंट भरावा लागतो. हवा राहिली तर नवा सेन्सरही खोटं बोलेल.

८. कोड पुसून, गाडी चालवून, आकडे आणि गळती पुन्हा तपासतात.

एक मुद्दा पार्ट नंबरचा. दिसायला सारखा आणि आट्यांतही बसणारा सेन्सर वेगळ्या रोधाचा असू शकतो. तो बसतो, चालतो, पण कायम चुकीचं तापमान सांगतो. म्हणून जुन्या सेन्सरवरचा नंबर जुळवूनच नवा घ्यावा.

बोअरचं पाणी टाकलं तर?

शहरातल्या अनेक वसाहतींत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरोघरी बोअर आणि टँकरचा आधार. 'थोडंच कमी झालंय' म्हणून तेच पाणी कूलंटच्या टाकीत टाकायचा मोह होतो. तो टाळावा. क्षारांमुळे बारीक वाटांत आणि सेन्सरच्या टोकावर थर बसतो. थर बसलेला सेन्सर तापमानातला बदल उशिरा टिपतो. शिवाय काही इलेक्ट्रिक गाड्यांत वीज कमीत कमी वाहू देणारा खास कूलंट असतो आणि क्षारयुक्त पाणी तो गुणच घालवतं. वेगवेगळ्या रंगांचे कूलंट एकत्र करणंही तितकंच चुकीचं. रंग कंपनी ठरवते, त्यावरून आतलं रसायन कळत नाही.

काढलेला कूलंट गटारात ओतू नये आणि उघड्यावरही ठेवू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं असतं. कुत्री, मांजरं आणि लहान मुलं त्याकडे वळू शकतात.

बिल देण्याआधी काय विचारावं?

'बॅटरी बदलावी लागेल' असं कुणी सांगितलं तर आधी कोडची प्रिंट मागावी. बॅटरीच्या सेलचं तापमान आणि कूलंटचं तापमान वेगवेगळं दाखवायला सांगावं. सेल ठीक आणि कूलंटचाच आकडा विचित्र असेल, तर गोष्ट सेन्सरपाशी किंवा वायरिंगपाशी थांबते. मात्र काही गाड्यांत सेन्सर बॅटरीच्या पेटीतच असतो. तिथे पेटी उघडावी लागते आणि वॉरंटी बाकी असेल तर ते काम अधिकृत केंद्रातूनच करून घ्यावं.

अंदाजपत्रकात सेन्सर, कूलंट आणि मजुरी वेगळी लिहून घ्यावी. सेन्सर सहसा स्वस्त असतो, खर्च वाढतो तो कूलंट आणि मजुरीने. जुना सेन्सर परत मागावा, बिलावर पार्ट नंबर असावा. तक्रार ऐकली गेली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, टाकीतली पातळी एकदा बघावी. उरलेली हवा बाहेर पडली की पातळी किंचित उतरते. ती आणखी काही दिवस उतरतच राहिली, तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी परत गॅरेजला न्यायला हवी.